गिरणगांवचे रस्ते : कालचे आणि आजचे

गेल्या श्रावणांत एके सकाळीं माझ्या नातवाचा हात धरून मी लालबागेहून करी रोडच्या पुलावरून डिलाईल रोडपर्यंत पायीं गेलों. हा मुलगा आपल्या या शाळेचा विद्यार्थी आहे. आणि सुमारें साठ वर्षांपूर्वीं मीहि याच शाळेंतून शिकून बाहेर पडलों. वाटेंत दोन उंच कांचेच्या इमारतींच्या मध्यें अवघडून उभी राहिलेली एक जुनी चिमणी पाहून त्यानें विचारलें, "आजोबा, हिच्यांतून धूर कां निघत नाहीं?" मीं सांगितलें, "गिरणी राहिली नाहीं, म्हणून धूरहि नाहीं." त्यावर त्यानें लगेच दुसरा प्रश्न केला, "मग ही पाडून कां टाकली नाहीं?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. दुसऱ्याचें उत्तर मला रस्त्यांत उभ्याउभ्या देतां आलें नाहीं. घरीं येऊन पुष्कळ विचार केल्यावर जें सुचलें तें आपल्या वार्षिकाच्या द्वारें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुंबई ही कापडाच्या गिरण्यांची नगरी कशी झाली, हें तुम्ही इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेंच असेल. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापून ताडदेव येथें मुंबईंतील पहिली कापूस-गिरणी उभारली आणि १८५६ सालीं ती चालूं झाली. त्यानंतर भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, शिवडी या भागांत एकामागून एक गिरण्या उठल्या. आणि त्यांच्या भोंवतीं कोंकणांतून, घाटावरून आणि देशाच्या इतर प्रांतांतून पोटासाठीं आलेल्या माणसांची वस्ती दाटली. तिलाच लोक गिरणगांव म्हणूं लागले. नांवांत 'गांव' हा शब्द आला तो उगीच नव्हे. शहराच्या पोटांत वसलेलें तें खरोखरच एक गांव होतें, आणि त्या गांवची चावडी म्हणजे तेथील रस्ता.

माझ्या लहानपणीं आमच्या घरांत घड्याळ होतें, परंतु त्याची गरज कोणासच नव्हती. सकाळीं, दुपारीं आणि मध्यरात्रीं गिरणीचा भोंगा होई आणि पाळी बदले. एका पाळीचीं माणसें रस्त्याच्या एका अंगानें कामावर जात, तों दुसऱ्या पाळीचीं दुसऱ्या अंगानें परतत. परतणाऱ्यांच्या केसांवर, भुंवयांवर कापसाचे तंतू बसलेले असत. त्यामुळें तरुण माणसेंहि क्षणभर म्हातारीं दिसत. जाणाऱ्यांच्या हातांत डबे असत. ओळखीचीं माणसें भेटत, तीं न थांबतां गांवाकडची खबर, घरचें आजारपण, कोणाच्या मुलाची पास-नापासाची वार्ता चालतां चालतांच एकमेकांस सांगत. त्या अर्ध्या घटकेंत रस्ता असा भरून जाई कीं, ट्रामलाहि घंटा वाजवीत हळूंहळूं पुढें सरकावें लागे.

ट्रामचा उल्लेख आला म्हणून सांगतों. मुंबईंत ट्राम प्रथम १८७४ सालीं घोडे जुंपून धांवूं लागली, आणि १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली. दादरच्या ज्या चौकास अजून लोक 'दादर टी. टी.' म्हणतात, त्यांतील तीं दोन अक्षरें ट्रामच्या शेवटच्या थांब्याचीं आहेत, हें किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? ३१ मार्च १९६४ रोजीं रात्रीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरकडे निघाली. माझ्या थोरल्या बंधूनें, आमच्या दादानें, मला लालबागेंत तिच्या दर्शनास नेलें होतें. दुतर्फा माणसांची गर्दी उभी होती. लग्नाच्या वरातीस उभीं राहावीं तशीं माणसें आलीं होतीं. पण वरातीचा गलका मात्र तेथें नव्हता. मीं त्या वेळीं दादाला विचारलें, "आतां हे रूळ कशाला ठेवतील?" तो म्हणाला, "ठेवणार नाहींत. उखडतील." आणि तसेंच झालें.

आतां जरा विचार करा. हा रस्ता आम्हांस इतका प्रिय कां होता? जुन्या आठवणी सांगणारा मनुष्य बहुधा गोड तेवढें सांगतो आणि कडू गिळून टाकतो. मला तसें करावयाचें नाहीं. रस्ता प्रिय होता, कारण घर अपुरें होतें. १९२० सालीं सरकारनें मुंबई विकास खातें स्थापिलें आणि त्या दशकांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड या ठिकाणीं मिळून दोनशें सात चाळी बांधिल्या, त्याच बी. डी. डी. चाळी. त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. अशा एका खोलींत एक कुटुंब, आणि त्याच्या जोडीला गांवाकडून आलेले दोन-चार नातलग राहात. जेथें कुटुंब नव्हतें अशा गाळ्यांत तर पंधरा-वीस माणसें पाळीपाळीनें निजत. एक उठून कामावर गेला कीं त्याच्या जागीं दुसरा अंग टाकी. मग जागे असणाऱ्यांनीं जावें कोठें? तीं रस्त्यावर येत. मुलें रस्त्याच्या दिव्याखालीं अभ्यास करीत, म्हातारे पायरीवर बसत, भजनी मंडळी नाक्यावर टाळ कुटीत, आणि उन्हाळ्यांत अर्धी चाळ पदपथावर पथारी पसरी. अर्थात् आम्ही ज्यास रस्त्यावरचें जीवन म्हणून आज गौरवितों, तें पुष्कळ अंशीं दारिद्र्याचेंच अपत्य होतें.

धुराचेंहि तेंच. चिमणीचा धूर दुरून चित्रांत शोभतो. परंतु वाळत घातलेल्या धुण्यावर त्याची काजळी बसे, आणि साचेखात्यांत वर्षानुवर्षें राबलेल्या माणसाची छाती कापसाच्या धुळीनें अशी भरून जाई कीं, पन्नाशींतच त्याला जिना चढवेनासा होई. तो काळ परत यावा असें म्हणणारास त्या खोकल्याचा आवाज ठाऊक नसावा. २०२५ सालीं वरळीच्या कांहीं कुटुंबांस जुन्या खोलीच्या बदल्यांत पांचशें चौरस फुटांचीं घरें मिळालीं. तीं पाहून ज्याला आनंद होणार नाहीं त्याची स्मृति शाबूत असेल, पण अंतःकरण शाबूत आहे असें मी म्हणणार नाहीं.

तथापि दारिद्र्याच्या त्या रस्त्यानें कांहीं असें दिलें कीं, जें श्रीमंतीच्या रस्त्याला अजून देतां आलेलें नाहीं. त्या रस्त्यावरून चालणारा मनुष्य एकटा नसे. गांवाकडून नवा आलेला मुलगा नाक्यावर उभा राहिला तर त्याला 'तूं कोणत्या गांवचा?' असें विचारणारा कोणी तरी भेटेच. आणि त्या प्रश्नापाठोपाठ त्याला खानावळींत जेवण व गिरणींत बदली काम मिळे. एकट्या कामगारांना जेवूं घालणाऱ्या त्या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं 'अन्नपूर्णा' या नांवानें बांधली, हें तुमच्या आयांना कदाचित् आठवत असेल. याच रस्त्यांवर शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या डफाची थाप ऐकूं येई, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत याच रस्त्यांवरून माणसांचे लोंढे निघत. जन्मतांच रस्त्यावर टाकून दिलेलें एक मूल एका गिरणी-कामगारानें उचलून वाढविलें. तें पुढें नारायण सुर्वे या नांवानें मराठी कवितेंत अमर झालें. त्यांच्या १९६६ सालच्या संग्रहाचें नांवच 'माझे विद्यापीठ' असें आहे. तें विद्यापीठ म्हणजे हेच रस्ते होत.

मग हें सर्व गेलें कोठें? १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतल्याचें कोणींहि कधीं जाहीर केलें नाहीं. तो विरून गेला. आमचा दादा त्या वेळीं अडतीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षीं बदली म्हणून लागून तो पुढें विणकर झाला होता. संपाचें पहिलें वर्ष त्यानें गांवीं काढलें. परत आला तों गिरणीच्या दारावर कायमची कडी. कांहीं महिने तो रोज सकाळीं डबा न घेतांच गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येई. वहिनीनें त्याला कधीं अडविलें नाहीं. शेवटीं त्यानें डिलाईल रोडच्या कडेला भाजीची गाडी लावली. ज्या रस्त्यानें वीस वर्षें तो ताठ मानेनें कामावर गेला, त्याच रस्त्याच्या कडेला तो मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडीत बसूं लागला. जुने सोबती जवळून जात, तेव्हां कोणी भाजी घेई, कोणी मान खालीं घालून निघून जाई. "मान खालीं घालणाऱ्यांचा मला राग येत नाहीं," तो एकदां म्हणाला, "त्यांच्याहि खिशांत कांहीं नसतें." रस्ता बदलला असें मीं प्रथम जाणलें तें त्या दिवशीं. उंच इमारती त्यानंतर आल्या.

गिरण्या बंद पडल्या, परंतु त्यांच्या खालची जमीन कोठें जाणार? सुमारें सहाशें एकर जमीन, तीहि मुंबईच्या मध्यभागीं. १९९१ सालीं सरकारनें नियम केला कीं, गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा असेल तर तिचे तीन वांटे करावे. सुमारें एक वांटा महानगरपालिकेस मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, आणि एक मालकास. २००१ सालीं या नियमांत दुरुस्ती झाली. तिचा अर्थ असा कीं, वांटणी व्हावयाची ती फक्त जी जमीन मूळचीच रिकामी असेल तिची. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्या हिशेबांत धरावयाची नाहीं. गिरणीच्या आवारांत मूळची रिकामी जमीन ती किती असणार? २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती कायम ठेविली. न्यायालयाच्या निर्णयाचा मान राखूनहि एक नागरिक म्हणून मला वाटतें कीं, त्या दिवशीं गिरणगांवच्या मुलांचीं मैदानें कागदावरच संपलीं. मोठें घर आणि मोकळा रस्ता या दोहोंपैकीं एकच निवडावें लागेल अशी आपली अवस्था नव्हती. दोन्ही मिळण्याजोगी भूमि हाताशीं होती. ती संधि आपण दवडली.

आणि दवडलेल्या संधीचें मोल केवळ खेळण्याच्या जागेनें मोजतां येत नाहीं. गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या आल्या, दुकानें आलीं, उपाहारगृहें आलीं. कामास येणाऱ्या माणसांची गर्दी पूर्वीं होती तितकीच, किंबहुना अधिक झाली. पण त्या माणसांनीं चालावें कोठून, हा विचार मागें राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं पाऊस पडत असतां एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मृत्यु पावलीं. पुढील वर्षीं त्या स्थानकाचें नांव प्रभादेवी असें झालें. नांव बदललें तें योग्यच झालें. परंतु ज्यांना केवळ कामावर पायीं जावयाचें होतें, अशा तेवीस जणांना त्यांच्या शहरांत पाऊल ठेवण्यापुरती जागा मिळूं नये, ही गोष्ट नव्या पाटीखालीं झांकूं नये. पूर्वींचा रस्ता चालणाऱ्याचा होता आणि गाडी त्यांतून वाट काढी. आज रस्ता गाडीचा आहे, आणि चालणारा त्यांतून वाट काढतो. गिरणगांवच्या रस्त्यांत झालेला सर्वांत मोठा बदल माझ्या मतें हाच होय. कांचेच्या इमारती हा त्या मानानें लहान बदल आहे.

नांवांचा विषय निघाला आहे, म्हणून विद्यार्थ्यांस दोन शब्द सांगतों. डिलाईल रोड आज ना. म. जोशी मार्ग आहे. तुम्ही त्यास घाईनें 'एन. एम. जोशी' म्हणतां. हे नारायण मल्हार जोशी कोण? १९११ सालीं यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली आणि कामगारांसाठीं वाचनालयें व रात्रीच्या शाळा चालविल्या. १९२० सालीं देशांतील पहिली अखिल भारतीय कामगार संघटना उभारण्यांत ते अग्रभागीं होते. तुळशी पाईप रोड आज सेनापति बापट मार्ग आहे; मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठीं सत्याग्रह करणारे ते हे सेनापति. आर्थर रोडला साने गुरुजींचें नांव आहे. आणि ज्या रविवारच्या सुट्टीची तुम्ही शनिवारपासून वाट पाहतां, ती गिरणी-कामगारांस १८९० सालीं मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळें. या नांवांचा अर्थ आपण विसरलों, तर पाटी मराठी असली काय नि इंग्रजी असली काय, ती सारखीच मुकी.

आतां पालकांस नम्रपणें एक गोष्ट सांगावयाची आहे; ती कडू लागल्यास वयोवृद्ध मनुष्याचा हट्ट समजून क्षमा करावी. रस्त्यावरील गर्दीबद्दल आपण सर्वच कुरकुर करतों. पण रोज सकाळीं आपल्या शाळेच्या फाटकासमोर काय चालतें? एकेका मुलामागें एकेक मोटार येते, ती फाटकाच्या अगदीं तोंडाशीं थांबते, मागची कर्णा फुंकते, आणि पायीं येणारीं लहान मुलें दोन गाड्यांच्या मधून जीव मुठींत धरून दप्तर सांभाळीत येतात. मैदानांच्या जमिनी आपण घालविल्या नाहींत, हें खरें. पण शाळेपुढची ही गल्ली तर आपल्याच हातीं आहे ना? माझी सूचना अशी आहे कीं, शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास आणि सुटल्यावर अर्धा तास या गल्लींत कोणींहि वाहन आणूं नये. मोटार एक फर्लांग दूर उभी करावी आणि तेवढी वाट मुलाचा हात धरून पायीं चालावी. जे आजारी आहेत, ज्यांना चालतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं अर्थात् वाट मोकळी असावी. इतर गाड्या हटल्या म्हणजे त्यांनाहि ती अधिक सुलभ होईल.

यावर कोणी म्हणेल कीं, सकाळच्या घाईंत एवढा वेळ कोणास आहे? मी विचारतों, दहा तास साच्यापुढें उभें राहिलेल्या माणसाला चालत घरीं येतांना शेजाऱ्याची विचारपूस करण्यास वेळ सांपडत असे, तो आपल्यालाच कां सांपडूं नये? त्या एका फर्लांगांत मूल तुम्हांला जें सांगेल, तें मोटारीच्या मागच्या आसनावरून तें कधींहि सांगणार नाहीं.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे माझी मागणी याहूनहि लहान आहे. या सुट्टींत आपल्या आजोबांना, आजीला, किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध कामगाराला घेऊन घराजवळचा एकच रस्ता चाला. कोठें काय होतें, तें विचारा. खानावळ कोठें होती, गणपतीची आरास कोठें होई, पगाराच्या दिवशीं सावकार कोणत्या कोपऱ्यावर उभा राही, संपाच्या वेळीं चूल कशी पेटली, हें सर्व विचारा आणि एका पानावर लिहून आणा. गोड आणि कडू दोन्ही लिहा. कडू गाळूं नका. संपादकांची अनुज्ञा असल्यास पुढील वर्षाच्या अंकांत त्यांतील निवडक पानें छापावीं. ज्यांना भोंगा आठवतो अशीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत, आणि तीं वाट पाहात थांबणार नाहींत. आमचा दादा गेल्यास आठ वर्षें झालीं. त्याच्याकडून मीं पुष्कळ विचारून घ्यावयाचें राहिलें.

शेवटीं नातवाच्या प्रश्नाकडे येतों. ती चिमणी पाडून कां टाकली नाहीं? ती शोभेची म्हणून कोणी ठेवली असेल, तर ठेवणाराचा हेतु मी जाणत नाहीं. पण मला विचाराल तर तिचा आज एवढाच उपयोग आहे कीं, रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या मुलानें तिच्याकडे बोट दाखवून विचारावें आणि जवळच्या वडील माणसाला उत्तर देतां यावें. तो प्रश्न विचारणारें मूल मोटारींतून जाऊं लागलें आणि उत्तर देणारा मनुष्य जगांतून गेला, म्हणजे मग तिच्या विटा उतरविल्या तरी कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं. तोंवर ती उभी असूं द्या. आणि आपणहि अधूनमधून तिच्या खालून पायीं चालूं या.

— एक माजी विद्यार्थी